फरशीवरचं आरमार

बुद्धिबळाचा पट मांडला की घोडा अडीच घरंच का चालतो, असं आपण विचारत नाही. नियम आहे, विषय संपला. पण आमच्या सांगली भागात अशी जुनी खेळणारी माणसं होती, ज्यांना दोन नियम ठाऊक होते. एक विलायती आणि एक देशी. देशी डावात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं उडी मारत नसे. शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचलं, त्याच मोहऱ्याचं रूप घेई. आणि समोरच्याचा राजा अगदी एकटा उरला, तर ती पूर्ण मात नव्हे; तिला 'बुर्जी' म्हणत. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं, तेव्हा या दोन्ही पद्धतींची माणसं आजूबाजूला होती. पंजाबचा मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला, मग विलायती नियम शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. पट तोच, मोहरी तीच. नियम बदलला की लढाई मात्र दुसरीच होते.

मला आज बोलायचंय ते अशाच एका खेळातल्या नियमांबद्दल. खेळ आहे आरमारी लढाईचा. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या, 'ड्रेडनॉट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोलादी युद्धनौका टेबलावर किंवा फरशीवर मांडायच्या, फासे टाकायचे, सुतळीनं किंवा पट्टीनं अंतरं मोजायची आणि एखादी ऐतिहासिक लढाई पुन्हा लढायची. युरोप-अमेरिकेत हा शौक शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. आमच्या विट्यात तो अलीकडे आला. विट्याहून समुद्र बघायचा म्हटलं तर सह्याद्री ओलांडून रत्नागिरी गाठावी लागते, आणि या खानापूर तालुक्यानं वर्षानुवर्षं पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली आहे. तिथं पोरं महासागरातल्या लढाया खेळायला लागली, म्हणून गावातल्या लोकांनी थट्टाही भरपूर केली.

ही कल्पना आणली माझ्या भाच्यानं. तो व्यापारी जहाजावर इंजिनियर आहे. चार-सहा महिने समुद्रावर, मग सुट्टीत घरी. त्याच्याबरोबर पाच-सहा मित्र. एक गलाईवाल्यांच्या घरातला, ज्याचं बालपण बापाच्या दुकानापायी केरळात गेलं, एक प्राध्यापक, एक यंत्रमागाच्या जॉबरचा मुलगा. खेळायला जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडची. माग भंगारात गेले होते, फरशीत फक्त बोल्टांची भोकं उरली होती. साठ फूट लांब, रिकामी, वरच्या काचांतून उजेड. मला बोलावलं ते पंच म्हणून. कारण मी इतिहास घेऊन बी.ए. झालोय, आणि कविता करणारा माणूस कुणाच्या बाजूचा नसतो असा त्यांचा समज आहे.

खेळायची ठरली ती जटलंडची लढाई. ३१ मे १९१६ च्या दुपारी उत्तर समुद्रात डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश आणि जर्मन आरमारं समोरासमोर आली. इंग्रजांची १५१ जहाजं, जर्मनांची ९९. म्हणजे अडीचशे जहाजं, आणि त्या काळातल्या मोठ्या युद्धनौकांच्या लढायांत हिच्याएवढी मोठी दुसरी झाली नाही.

ड्रेडनॉट म्हणजे काय, तेही सांगायला हवं. १९०६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडनं त्या नावाची नौका पाण्यात सोडली. बारा इंची दहा तोफा, वाफेच्या टर्बाइनवर चालणारी यंत्रं, ताशी २१ सागरी मैलांचा वेग. ती आली आणि जगातल्या बाकी सगळ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या झाल्या. आदल्याच वर्षी, १९०५ च्या मे महिन्यात, जपाननं त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचं आरमार बुडवलं होतं आणि त्या बातमीनं पुण्या-मुंबईतल्या वाचनालयांपर्यंत आनंद पसरला होता. आशियातलं एक राष्ट्र युरोपला हरवू शकतं, हे इथल्या माणसांना त्यातून दिसलं. मोठ्या, लांब पल्ल्याच्या तोफांचं महत्त्व त्या लढाईनं पक्कं केलं. पुढं नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्लंडचा युवराज 'रिनाउन' नावाच्या अशाच प्रचंड नौकेतून मुंबईला उतरला, तेव्हा शहरानं बहिष्कार घातला आणि दंगली झाल्या. त्या नौकेकडे मुंबईकरांनी कौतुकानं पाहिलं असेल की रागानं, सांगणं कठीण.

आता नियमांकडे येतो. भाच्यानं चार प्रकारचे नियम छापून आणले होते, आणि कुठले घ्यायचे यावरून पहिले दोन रविवार नुसती वादावादी झाली. ती मला खेळाहून जास्त आवडली.

सगळ्यात जुने नियम फ्रेड जेन या इंग्रज चित्रकार-पत्रकाराचे. जगातल्या युद्धनौकांची माहिती देणारा जो 'जेन' नावाचा संदर्भग्रंथ आजही निघतो, तो यानंच १८९८ साली सुरू केला. त्याच वर्षी त्याचा आरमारी खेळही आला. ग्रंथ आणि खेळ ही जुळी भावंडं म्हणायला हरकत नाही. त्याच्या खेळात फासा नाही. समोरच्या जहाजाचं चित्र कागदावर काढलेलं असतं, आणि एका चपट्या काठीला बसवलेल्या टाचणीनं त्यावर नेम धरून मारायचं. टाचणी जिथं टोचली तिथं गोळा लागला. कागद दूरच्या जहाजाचा असेल तर चित्र लहान. गंमत अशी की या जेनचं निधन मार्च १९१६ मध्ये झालं. जटलंड व्हायला तीन महिनेही उरले नव्हते.

दुसरे नियम अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट याचे. न्यूयॉर्कमधल्या आपल्या घराच्या फरशीवर तो मित्रांना घेऊन १९३० च्या दशकात हा खेळ खेळे. १९४० मध्ये त्यानं नियमांचं पुस्तक काढलं. त्याच्या खेळातही तोफ मारायला फासा लागत नाही. खेळाडू फरशीवर पालथा पडतो, आपल्या जहाजाच्या उंचीवरून समोरच्या जहाजाकडे बघतो आणि अंतर किती इंच असेल ते अंदाजानं लिहून देतो. मग पंच पट्टी लावतो. अंदाज बरोबर तर गोळा लागला, नाहीतर पाण्यात.

आमच्या जॉबरच्या मुलानं या नियमात सगळ्यांना धूळ चारली. बापाबरोबर शेडीत वाढल्यामुळं त्याची नजर तयार. बीम किती इंच सरकलाय, धोटा किती मागं राहिलाय, हे तो डोळ्यानं सांगतो. सतरा फुटांवरच्या जहाजाचं अंतर त्यानं दोन इंचांच्या फरकानं सांगितलं. प्राध्यापकांचा गोळा मात्र प्रत्येक वेळी भिंतीपलीकडे. खेळ म्हणून हा नियम फार सुंदर आहे. पण त्यात एक अडचण होती. जर्मनांकडे अंतर मोजायची उत्तम दुर्बिणीची यंत्रं होती आणि सुरुवातीला त्यांचे गोळे अचूक पडले, हा इतिहास. इथं मात्र अचूकपणा आरमाराकडे नव्हता, फरशीवर पडलेल्या पोराच्या डोळ्यात होता. जॉबरचा मुलगा ज्या बाजूला, ती बाजू जिंकणार.

हा खेळ केवळ शौकिनांचा नाही, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. अमेरिकेच्या न्यूपोर्ट गावी नौदलाचं युद्ध महाविद्यालय आहे. एका डोळ्यानं अधू झाल्यामुळं नौदलातून लवकर निवृत्त झालेल्या मॅकार्टी लिटल या अधिकाऱ्यानं १८८७ पासून तिथं असे खेळ शिकवायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या फरशीवर जटलंड पुन्हा पुन्हा लढली गेली. पुढं पॅसिफिकमध्ये जपानशी लढलेला ॲडमिरल निमिट्झ १९२३ मध्ये तिथून शिकून बाहेर पडला. युद्धात बहुतेक सगळं आम्ही आधी खेळून पाहिलं होतं, अशा अर्थाचं त्यानं उतारवयात लिहून ठेवलंय. आपल्याकडेही १९८८ मध्ये मुंबईत नौदलाचं असं महाविद्यालय सुरू झालं, २०११ मध्ये ते गोव्याला गेलं, आणि मार्च २०२४ मध्ये तिथं 'चोला' नावाची नवी इमारत उभी राहिली. तिथं आता अर्थातच सगळं संगणकावर. पण समोरचा काय करील हे कुठल्या नियमानं ठरवायचं, हा प्रश्न तिथंही तोच.

बाकीचे दोन प्रकार फाशांचे. 'सीक्रीग' हे जाडजूड प्रकरण आहे. त्यात तोफेचा व्यास, चिलखताची जाडी, गोळा कुठल्या कोनात पडला, सगळ्याचे तक्ते. भाचा इंजिनियर असल्यामुळं त्याचा जीव त्यात अडकलेला. दुसरा प्रकार अमेरिकेत १९७० च्या दशकात आलेल्या 'जनरल क्वार्टर्स'सारखा, जिथं हे सगळं आटवून दोन-तीन छोट्या तक्त्यांत बसवलेलं. भाच्याचं म्हणणं, बारीक हिशेब म्हणजे खरा इतिहास. मी म्हटलं, आधी गणित करून बघू.

जटलंडला दोन्ही बाजूंनी मिळून मोठ्या तोफांचे आठ हजारांवर गोळे सुटले. त्यातले लागले शंभरातले जेमतेम तीन. आता एका गोळ्याला फासा टाकणं, तक्ता बघणं, लिहिणं, यात वीस सेकंद धरले तरी पंचेचाळीस तास होतात. तेही कुणी चहा न पिता. आणि त्यातला बहुतेक सगळा वेळ चुकलेले गोळे मोजण्यात जाणार. चार जहाजांची चकमक असेल तर बारीक नियमांची मजा आहे. अडीचशे जहाजांना ते झेपत नाहीत. कापसाचा गठ्ठा विकत घेताना कुणी एकेक तंतू तपासत नाही. मूठभर उपसून बघतो. पण तेवढ्यावर वाद मिटला नाही. भाच्यानं हट्टानं एक रविवार बारीक नियमांवर खेळून दाखवला. संध्याकाळी सहा वाजता आम्ही लढाईच्या बाराव्या मिनिटात होतो.

मग मोजमाप ठरलं. एक फूट म्हणजे एक किलोमीटर. यंत्रमागाच्या जुन्या लाकडी कांड्या पोत्यानं पडल्या होत्या, त्यांचे दोन-दोन इंची तुकडे करून युद्धनौका केल्या. या मापात खरी नौकाही साधारण तेवढीच येते, आणि ब्रिटिशांच्या चोवीस मोठ्या नौकांची रांग अकरा फुटांत बसते. लहान विनाशिकांना एकेक तुकडा परवडेना. त्यांच्या सबंध टोळीला सोड्याच्या बाटलीचं एक टोपण. फासा एकेका तोफेला नव्हे, सबंध नौकेला, आणि एका फाशात चार मिनिटांचा मारा.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. खरा वाद पेटला तो स्फोटाच्या नियमावरून.

जटलंडला पहिल्या तासाभरातच 'इंडिफॅटिगेबल' आणि 'क्वीन मेरी' या दोन ब्रिटिश बॅटलक्रूझर एकापाठोपाठ फुटून बुडाल्या. संध्याकाळी 'इन्व्हिन्सिबल' गेली. तिन्ही जहाजांत मिळून ३,३०० च्या वर माणसं मेली. 'इन्व्हिन्सिबल'मधून सहा जण वाचले. त्या दिवशी ब्रिटिशांचे एकूण ६,०९४ लोक गेले, त्यातले निम्म्याहून जास्त या तीन स्फोटांत. का फुटल्या? बरीच वर्षं उत्तर तयार होतं: वेग मिळावा म्हणून चिलखत पातळ ठेवलं होतं. बहुतेक खेळांचे नियमही हेच धरून चालतात. ब्रिटिश बॅटलक्रूझरला गोळा लागला की जास्तीचा फासा टाका, वाईट आकडा आला की जहाज उडालं. खेळाडूच्या हातात काही नाही. नशीब आणि नकाशा काढणारा कारागीर, दोघांवर खापर.

पण अलीकडच्या काही दशकांत इतिहासकारांनी जुने कागद पुन्हा तपासले आणि दुसरं उत्तर पुढं आलं. तोफेचा बुरूज वर असतो आणि दारूकोठार खाली, जहाजाच्या पोटात. दारूच्या थैल्या रेशमी कापडाच्या. खालून वर त्या नेताना मधे दारं असतात. वर आग लागली तरी ठिणगी खाली कोठारापर्यंत जाऊ नये म्हणून. बीटीच्या बॅटलक्रूझर ताफ्याची नेमबाजी कच्ची होती. ती भरून काढायला भर दिला तो मारा जलद करण्यावर. जलद मारा करायचा तर दारं उघडी ठेवा, थैल्या आधीच वर आणून रचून ठेवा. 'लायन' या बीटीच्या स्वतःच्या नौकेवर ग्रँट नावाच्या मुख्य तोफखाना-अधिकाऱ्यानं आधीच हट्टानं शिस्त लावली होती, थैल्यांचे ढीग बंद केले होते. तिच्या बुरुजावर गोळा बसला, तेव्हा मरणाच्या दारातल्या मेजर हार्वेनं कोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला. बुरुजातली माणसं गेली, जहाज तरलं. जर्मनांना हा धडा आधीच मिळाला होता. जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकच्या चकमकीत त्यांच्या 'सायडलिट्झ'चे मागचे दोन्ही बुरूज जळाले, दीडशेवर माणसं होरपळली. त्यानंतर त्यांनी वर ठेवायच्या दारूवर बंधन घातलं. जटलंडला त्यांचे बुरूज जळाले. पण या आगीनं त्यांची एकही बॅटलक्रूझर फुटली नाही.

म्हणजे बघा, नियम निवडणं हे नुसतं खेळाचं काम राहत नाही. तीन हजार तीनशे माणसं कशानं मेली, याचा निवाडा द्यावा लागतो. पातळ पोलादानं, की घाई करण्याच्या रिवाजानं?

आमच्या पोरांनी शेवटी स्वतःचा नियम केला. प्रत्येक ब्रिटिश कप्तानानं सुरुवातीला एक चिठ्ठी लिहून पालथी ठेवायची. 'दार उघडं' किंवा 'दार बंद'. उघडं असेल तर तीन फाशांच्या जागी चार. पण बुरुजावर गोळा बसला आणि वाईट आकडा आला, तर जहाज संपलं. बंद असेल तर मारा कमी, जहाज सुरक्षित. पहिल्या डावात सगळ्यांनी 'दार उघडं' लिहिलं. फक्त जॉबरच्या मुलानं सगळ्या सहा चिठ्ठ्यांवर 'बंद' लिहिलं. गलाईवाल्याचा पोरगा त्याला म्हणाला, "अरे, भित्रा आहेस का? युद्ध आहे."

तो फारसा बोलणारा नाही. थोड्या वेळानं माझ्याकडे बघून म्हणाला, "चाचा, मागाचं गार्ड काढलं की माग पळतो. गार्ड काढ असं कुणी मालक सांगत नाही. तो फक्त संध्याकाळी विचारतो, किती मीटर झालं?"

त्याच्या वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेलेली आहेत, हे त्या शेडीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी काही बोललं नाही. बीटीनं तरी दारं उघडी ठेवा असा लेखी हुकूम कुठं दिला होता? त्यालाही फक्त मिनिटाला किती गोळे सुटतात तेवढंच हवं होतं. माझ्या मते जटलंडवरच्या पुष्कळ पुस्तकांपेक्षा त्या पोरानं ते नेमकं सांगितलं.

आपल्याला यासाठी उत्तर समुद्रापर्यंत जायचीही गरज नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज फुटलं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी भरल्या होत्या. युद्धाची घाई होती, म्हणून चाललं. शेकडो माणसं मेली, आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्या आठवणीसाठी आजही देशभर १४ एप्रिल पाळला जातो. जहाजात सोन्याच्या विटाही होत्या, म्हणून आमच्याकडच्या गलाईवाल्यांत ही गोष्ट विशेष रंगवून सांगतात. सोन्याच्या भरात कापूस विसरला जातो.

पुढचा वाद गुणांचा झाला. कुठली नौका किती मोलाची? बऱ्याच नियमांत तोफा जास्त तर गुण जास्त. त्या हिशेबानं ब्रिटिशांची 'एजिनकोर्ट' सगळ्यांत वरचढ. बारा इंची चौदा तोफा, इतक्या दुसऱ्या कुठल्याच नौकेवर नव्हत्या. पण ही नौका मुळात इंग्रजांची नव्हे. ब्राझीलनं मागवलेली, मग तुर्कस्ताननं विकत घेतलेली 'सुलतान उस्मान'. तिच्या जोडीची 'रेशादिये'. तुर्की जनतेनं वर्गण्या गोळा करून पैसा उभा केला, खलाशी जहाज न्यायला इंग्लंडमध्ये येऊन थांबले, आणि ऑगस्ट १९१४ मध्ये इंग्रज सरकारनं दोन्ही जहाजं जप्त केली. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूला झुकण्यामागं हा संताप बराच होता. त्यानंतर आपल्याकडे खिलाफतीचं जे वादळ उठलं, त्याच्या मुळाशी गेलात तर ही दोन पोलादी जहाजंही सापडतात. रेशादियेचं नाव इंग्रजांनी 'एरिन' केलं. जटलंडच्या रांगेत ती उभी होती आणि तिच्या मोठ्या तोफांतून त्या दिवशी एकही गोळा सुटला नाही. ब्रिटिश रांगेत अशी ती एकटीच. आमच्या खेळात मात्र तिच्यावर फासे पडत होते. भाचा म्हणाला, "मामू, हिला उडवू द्या की, बिचारी इतकी लांब आली." मी परवानगी दिली. पंचाला एवढा अधिकार असावा.

सगळ्यात अवघड नियम तोफांचा नव्हताच. तो होता दिसण्याचा. फरशीवर वाकून बघणाऱ्याला सगळं आरमार दिसतं. जेलिकोला दिसत नव्हतं. धुकं, धूर, चोवीस नौका सहा रांगांत आणि शत्रू कुठं आहे हे विचारलं तर बीटीकडून धड उत्तर नाही. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास त्याला काही क्षणांत ठरवायचं होतं, रांग उजवीकडे उलगडायची की डावीकडे. त्यानं डावीकडे उलगडली आणि जर्मन आरमार आडव्या रांगेच्या तोंडात आलं. जर्मन सेनापती शीर यानं सगळी नौकादळं एकदम उलटी वळवून धुक्यात पळ काढला. थोड्याच वेळात तो पुन्हा आला, पुन्हा वळला. या वेळी जर्मन विनाशिकांनी टॉर्पेडो सोडले, जेलिकोनं आपली रांग त्यांच्यापासून दूर वळवली आणि शत्रू निसटला. त्याला यासाठी आयुष्यभर बोल लागले.

आम्ही शेडीत मधोमध जुन्या साड्यांचा पडदा बांधला. सेनापती एका खोलीत कागद-पेन्सिल घेऊन बसणार. त्याला फक्त चिठ्ठ्या मिळणार, त्याही एका डावाच्या उशिरानं. प्राध्यापक जेलिको झाले. पहिल्या तीन चिठ्ठ्यांत त्यांना तीन वेगळ्या दिशा कळल्या. चौथी चिठ्ठी आली तेव्हा ते डोकं धरून बसले होते. बाहेर येऊन म्हणाले, "वर्गात मी या माणसाला दोन वाक्यांत नापास करत आलोय." खेळ म्हणून कंटाळवाणा, वेळखाऊ नियम. पण मोठ्या लढाईसाठी मला विचाराल तर निवड याच नियमाची करावी. तोफा सोप्या ठेवा, फासे कमी करा, आणि वाचलेला सगळा वेळ या धुक्यावर खर्च करा.

जिंकलं कोण, हेही नियमच ठरवतो. जहाजं आणि माणसं मोजली तर जर्मन जिंकले. त्यांची ११ जहाजं गेली, २,५५१ माणसं गेली, इंग्रजांची १४ जहाजं. समुद्र कुणाच्या ताब्यात राहिला हे मोजलं तर दुसऱ्या दिवशी इंग्रज. नाकेबंदी तशीच राहिली आणि जर्मनीत लोक उपाशी मरत राहिले. गलाईवाल्याचा पोरगा म्हणाला, सरळ बुर्जी लिहा. पण बुर्जीत निदान एक राजा तरी एकटा उरतो. इथं दोन्ही राजे पटावर शाबूत होते.

दिवसाची लढाई आमची झाली. रात्रीची अडली आहे. ३१ मेच्या रात्री शीर ब्रिटिश आरमाराच्या मागून वाट काढत घरी गेला. वाटेत चकमकी झाल्या, आगीचे लोळ उठले. 'मलाया' या ब्रिटिश नौकेवरून तर जर्मन युद्धनौकांच्या आकृत्याही दिसल्या. जेलिकोला कुणी नीट कळवलं नाही. पुढं १९२२ मध्ये तुर्कस्तानच्या शेवटच्या सुलतानाला देशाबाहेर घेऊन गेली ती हीच 'मलाया'. तर या रात्रीसाठी नियम कसा करायचा? ज्याला शत्रू दिसलाय त्यानं ते सांगू नये, असं कुठल्या फाशानं साधायचं? आमच्या पोरांना शत्रू दिसला की ती पडद्याआडून ओरडतात. चिठ्ठी उशिरा देऊन पाहिली, दिवे घालवून पाहिले, बोलणाऱ्याचा एक डाव कापून पाहिला. जॉबरच्या मुलाचं म्हणणं असं की शिक्षा ठेवायची गरज नाही; सेनापतीनं एकदा नुसतं म्हणायचं, 'मला ठाऊक आहे, तू तुझं काम बघ.' मग पुढच्या वेळी कुणी चिठ्ठी पाठवणार नाही. ते आम्हाला अजून करून बघायचंय.

शेड आता गोदामासाठी भाड्यानं गेली आहे. पोरांनी कांड्यांचे तुकडे उचलण्याआधी प्रत्येक नौकेची जागा खडूनं फरशीवर आखली, मोबाईलवर फोटो काढले, आणि दोन्ही आरमारं बिस्किटांच्या खोक्यांत वेगवेगळी भरून ठेवली. दुसरी मोठी फरशी शोधणं चालू आहे.